पात्रता मोजायची कशाने?

अमेरिकेतल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात १२० विद्यार्थ्यांचा वर्ग आहे, असे धरू. गुणानुक्रमे यादी केली की वरचा चतुर्थांश म्हणजे ३० विद्यार्थी. या तिसांमधून जास्तीत जास्त २० निवडायचे, म्हणजे संपूर्ण वर्गाचा सहावा हिस्सा. 'अल्फा ओमेगा अल्फा' या सन्मानसंस्थेच्या शाखा कित्येक दशके याच हिशेबाने विद्यार्थी-सभासद निवडत आल्या. या संस्थेच्या शाखा आज अमेरिकेतल्या १२५ हून अधिक वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत आणि स्थापनेपासून तिने दोन लाखांहून जास्त सभासद निवडले आहेत.

संस्थेचे नाव तीन ग्रीक शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले. त्या शब्दांचा अर्थ, 'पीडितांच्या सेवेस पात्र व्हा'. या ब्रीदात तीन गोष्टी आहेत: पात्रता, सेवा आणि पीडित माणूस. सन्मानसंस्थांविषयीची आकडेवारी समोर ठेवली की दिसते ते असे. पात्रता मोजण्यावर सर्वांत जास्त श्रम झाले, सेवा त्या मानाने कमी मोजली गेली आणि पीडित माणसाला या सगळ्यात फारसे कोणी विचारलेच नाही. हा क्रम उलटायला हवा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठीचे आकडेही उपलब्ध आहेत.

१६० महाविद्यालये, २८ हजार विद्यार्थी

संस्था जन्मली शिकागोत, २५ ऑगस्ट १९०२ रोजी. विल्यम वेबस्टर रूट हा तिथल्या 'कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स'चा विद्यार्थी. वैद्यकीय विद्यार्थी म्हटला की दांडगाई, असभ्यपणा आणि अभ्यासाची हेळसांड हेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते, याची त्याला चीड होती. काही वर्गमित्रांना सोबत घेऊन त्याने ही संस्था उभी केली. म्हणजे हा मान वरून बहाल झालेला नव्हता. आपल्याच वर्गाच्या वागण्यावर नाराज झालेल्या विद्यार्थ्यांची ती चळवळ होती.

रूटची चीड अनाठायी नव्हती. १९०४ मध्ये अमेरिकेत १६० वैद्यकीय महाविद्यालये होती आणि त्यांत २८ हजारांवर विद्यार्थी शिकत होते. त्यांतली कित्येक महाविद्यालये फीवर चालणारी खासगी दुकाने होती. प्रयोगशाळा नाही, रुग्णालयाशी संबंध नाही आणि प्रवेशासाठी धड शालेय शिक्षणाचीही अट नाही. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल दिला आणि फक्त ३१ ठेवावीत, असे सुचवले. सुधारणेचे वारे त्याआधीच सुटले होते, अहवालाने त्यांना जोर आला. १९२० पर्यंत अमेरिकेतली संख्या ८५ वर आली आणि विद्यार्थी १४ हजारांच्या आत आले. सोळा वर्षांत दोन्ही आकडे निम्म्यावर.

दर्जा उंचावला, हे खरे. पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. फ्लेक्सनर यांनी त्यांतली हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच राखण्याजोगी ठरवली. उरलेली पाचही १९२३ पर्यंत बंद पडली. ती चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत तिथून आणखी सुमारे ३५,३१५ डॉक्टर बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० मधल्या एका अभ्यासाने मांडला. अंदाज हा अंदाजच, पण त्यावरून नुकसान केवढे मोठे होते ते कळते. पात्रतेची रेषा वर सरकवताना रेषेखाली कोण राहिले, याची मोजदाद शंभर वर्षांनी झाली.

सन्मानाचे वजन

निवड होते ती साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस किंवा चौथ्या वर्षात, आणि या वेळेला महत्त्व आहे. चौथ्या वर्षी विद्यार्थी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे विशेष शाखेतल्या प्रशिक्षणासाठी अर्ज करतात आणि सभासदत्वाची नोंद त्या अर्जात होते. गेल्या दशकाच्या मध्यातली जागावाटपाची आकडेवारी पाहिली तर त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरीत जागा मिळवणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांत या संस्थेचे सभासद निम्म्याच्या आसपास होते. फॅमिली मेडिसिनमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. सभासद झाला म्हणून जागा मिळाली, एवढा सरळ निष्कर्ष यातून निघत नाही. उत्तम गुणांचे विद्यार्थी अशा शाखांकडे वळतात, हेही एक कारण आहे. पण चढाओढीच्या शाखांत हा शिक्का किती उमेदवारांपाशी असतो, ते यातून दिसते.

त्यात २६ जानेवारी २०२२ पासून आणखी एक बदल झाला. यूएसएमएलई या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, 'स्टेप वन', आता गुण देत नाही. निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. तोवर शेकडो अर्ज चाळताना निवड करणारे या गुणांवर विसंबत. तो आधार गेल्यावर अर्जातल्या उरलेल्या खुणांचे महत्त्व आपोआप वाढते, आणि सन्मानसंस्थेचे सभासदत्व ही त्यांतली एक ठळक खूण.

४,६५५ अर्ज

ही खूण कोणाच्या वाट्याला येते? २०१७ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात याचे एक उत्तर आले. येल विद्यापीठाच्या रेसिडेन्सीसाठी २०१४-१५ मध्ये आलेले ४,६५५ अर्ज संशोधकांनी तपासले. अर्जदार १२३ महाविद्यालयांतले होते. त्यांतले ९६६, म्हणजे सुमारे २१ टक्के, अल्फा ओमेगा अल्फाचे सभासद होते.

परीक्षेतले गुण, संशोधन, समाजसेवा आणि नेतृत्वाचा अनुभव हे सारे हिशेबात धरल्यावरही फरक उरला. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे शक्यता-गुणोत्तर ०.१६ निघाले आणि आशियाई विद्यार्थ्यांचे ०.५२.

हे आकडे आपल्या १२० जणांच्या भाषेत उतरवून पाहू. समजा, गोऱ्या विद्यार्थ्यांच्या १२० जणांमागे २० निवडले गेले. म्हणजे निवडलेले आणि न निवडलेले यांचे प्रमाण २० ला १००, अर्थात ०.२. याला ०.१६ ने गुणले की ०.०३२ येते. तेवढेच गुण आणि तेवढेच काम असलेल्या १२० कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमागे निवड होईल चौघांचीसुद्धा नाही. ०.५२ ने गुणले तर १२० आशियाई विद्यार्थ्यांमागे सुमारे ११. वीस, अकरा, चार. गुणोत्तर म्हणून वाचताना जे कोरडे वाटते, ते माणसांत मोजले की टोचते.

या अभ्यासाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. हे अर्ज एकाच विद्यापीठाकडे आलेले होते, त्यामुळे साऱ्या देशाचे चित्र म्हणून ते घेता येत नाही. एखाद्या शाखेने जाणूनबुजून भेदभाव केला, असेही त्यातून सिद्ध होत नाही. पण वॉर्डातल्या कामाचे शेरे माणसे देतात, शिफारस माणसे करतात आणि शेवटी मतही माणसेच देतात. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा कल साचत गेला, तर शेवटी एवढी दरी पडू शकते. 'आशियाई' या सदरात भारतीय वंशाचे विद्यार्थीही मोडतात. न्यू जर्सीत किंवा शिकागोत वाढलेली मराठी घरातली मुले तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतात, त्यामुळे हा ०.५२ चा आकडा आपल्यापासून फार लांबचा नाही.

त्यानंतर हालचाल झाली. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या आयकान वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ मध्ये विद्यार्थ्यांची नामांकने थांबवली. पुढे संस्थेनेही नियम सैल केले. वरच्या चतुर्थांशाची अट सर्वांना सक्तीची राहिली नाही आणि निवडीची कमाल मर्यादा वर्गाच्या २० टक्क्यांपर्यंत गेली. आपल्या वर्गात म्हणजे २० च्या जागी २४. चार जागा वाढल्या, याचे स्वागतच आहे. पण मूळ प्रश्न जागांचा नव्हता, मोजमापाचा होता.

शाखा वर्षभर काय करते

निवडीवर एवढी चर्चा होते की शाखेचे पुढचे काम झाकले जाते. शाखेला एक प्राध्यापक सल्लागार म्हणून असतो आणि विद्यार्थी आपल्यातून पदाधिकारी निवडतात. नव्या सभासदांचा स्वागत-समारंभ आणि बाहेरून बोलावलेल्या नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान हे ठरलेले कार्यक्रम. याशिवाय वरच्या वर्गातले सभासद खालच्या वर्गांना शिकवतात, परीक्षांची तयारी करून घेतात आणि रेसिडेन्सीचा अर्ज कसा लिहावा ते सांगतात. १९३८ पासून निघणाऱ्या 'द फॅरॉस' या त्रैमासिकात वैद्यकाइतकेच साहित्य आणि इतिहासाला स्थान आहे. संस्था विद्यार्थ्यांसाठी निबंध आणि कवितेच्या स्पर्धा घेते, संशोधनासाठी शिष्यवृत्ती देते, सेवाप्रकल्पांना पैसे पुरवते. १९८८ पासून उत्तम शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कारही दिला जातो.

सेवेचा सर्वांत मोठा आधार म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेले मोफत दवाखाने. ते सन्मानसंस्थांच्या मालकीचे नसतात. साऱ्या महाविद्यालयाचे विद्यार्थी वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते चालवतात आणि सभासद तिथे आपला वाटा उचलतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत माहिती देणाऱ्या ९४ महाविद्यालयांपैकी ४९ मध्ये, म्हणजे ५२ टक्के ठिकाणी, असा निदान एक दवाखाना होता. २०१४ च्या पाहणीत हे प्रमाण १४१ पैकी १०६, म्हणजे ७५ टक्क्यांवर गेले.

पहिल्या पाहणीत ५९ दवाखान्यांनी कामाचा तपशील दिला. एका दवाखान्यात आठवड्याला सरासरी १६ विद्यार्थी राबत होते. वर्षाला ३६ हजारांवर रुग्णभेटी होत होत्या. भागाकार केला तर एका दवाखान्याला आठवड्याला जेमतेम बारा भेटी पडतात. विद्यार्थी सोळा आणि भेटी बारा. कार्यक्षमतेच्या कोष्टकात हे गणित नापास होईल. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र यासारखी संधी नाही, कारण इथे एका रुग्णापाशी निवांत बसता येते. गजबजलेल्या रुग्णालयात नेमकी तीच सवड मिळत नाही. रुग्णांपैकी ३१ टक्के हिस्पॅनिक होते आणि ३१ टक्के कृष्णवर्णीय. ज्या समाजातले विद्यार्थी सन्मानाच्या यादीत सर्वांत कमी दिसले, त्याच समाजातली माणसे या बाकांवर सर्वांत जास्त बसलेली होती.

बरोबर शंभर वर्षांनी

१९०२ नंतर शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, दुसरी एक सन्मानसंस्था उभी राहिली: 'गोल्ड ह्युमॅनिझम ऑनर सोसायटी'. तिच्यामागची प्रेरणा अर्नोल्ड गोल्ड यांची. कोलंबिया विद्यापीठातल्या या बालमेंदूविकारतज्ज्ञाने १९८८ मध्ये पत्नी सँड्रा यांच्यासह एक प्रतिष्ठान स्थापन केले होते. नव्या विद्यार्थ्यांना पांढरा कोट घालून शपथ देण्याचा समारंभ याच प्रतिष्ठानाने १९९३ मध्ये कोलंबियात सुरू केला. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही आता असे समारंभ होतात. कौतुकाने फोटो काढणाऱ्या आईवडिलांना या प्रथेचे मूळ गाव बहुधा माहीत नसते.

गोल्ड संस्थेने मोजपट्टीच बदलली. इथे सुरुवात वर्गमित्रांपासून होते. तुझ्या घरचे माणूस आजारी पडले तर यांतल्या कोणाच्या हाती सोपवशील, अशा आशयाचे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारतात. सर्वाधिक वेळा ज्यांची नावे येतात, त्यांचा विचार होतो. निवड साधारण १० ते १५ टक्क्यांची, म्हणजे आपल्या १२० जणांतून १२ ते १८. रात्रपाळीत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेल्या मित्राला जे माहीत असते ते गुणपत्रिकेवर उमटत नाही, हा यामागचा साधा विचार. मैत्री आणि लोकप्रियतेचा प्रभाव इथेही पडू शकतो, पण निदान प्रश्न तरी योग्य आहे.

या शाखांचे उपक्रम रुग्णाच्या खाटेजवळचे असतात. त्यांतला एक २०११ च्या एका घटनेतून सुरू झाला. त्या वर्षी ८ जानेवारीला ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. त्यांच्यावर पहिले उपचार करणारे शल्यविशारद रँडल फ्रीस यांनी नंतर सांगितले की, त्यांचा हात हातात घेऊन 'तुम्ही रुग्णालयात आहात, आम्ही तुमची काळजी घेऊ' असा धीर देणे, हे आपण केलेले सर्वांत महत्त्वाचे काम होते. तेव्हापासून फेब्रुवारीत, १४ तारखेच्या सुमारास, करुणापूर्ण रुग्णसेवेसाठी एकजुटीचा दिवस पाळला जाऊ लागला. पुढे त्याचा सप्ताह झाला.

सहा सेकंद

दुसरा उपक्रम आहे 'टेल मी मोअर', मराठीत म्हणायचे तर 'अजून सांगा ना'. विद्यार्थी खाटेजवळ बसतो आणि आजार सोडून काही प्रश्न विचारतो. तुमचे मित्र तुमचे वर्णन कसे करतील? तुमची जमेची बाजू कोणती? आयुष्यात तुम्हाला मोलाचे काय वाटते? उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद रुग्णाच्या संमतीने खाटेजवळ लावतात. मग राउंडला येणाऱ्या डॉक्टरला आणि सलाइन बदलणाऱ्या नर्सला फुफ्फुसाच्या आजाराऐवजी आधी माणूस दिसतो.

या साध्या कागदाची गरज किती आहे, ते पुढच्या आकड्यांवरून कळते. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ तपासण्यांचा अभ्यास केला. आपले म्हणणे पुरते मांडायला मिळाले फक्त १७ रुग्णांना, म्हणजे २३ टक्क्यांना. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. तीन दशकांनंतर ११२ भेटींचा असाच अभ्यास झाला. त्यात 'तुम्हाला काय सांगायचंय' असे रुग्णाला विचारले गेले फक्त ३६ टक्के भेटींत. विचारले तिथेही तीनपैकी दोन रुग्णांचे बोलणे तोडले गेले, आणि तेही ११ सेकंदांच्या मध्यकावर. ज्यांचे बोलणे तोडले गेले नाही, त्यांना आपले म्हणणे संपवायला किती वेळ लागला? मध्यक सहा सेकंद.

वेळ नाही, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी पाहिलेल्या कोणीही ती नाकारणार नाही. पण सहा सेकंद तिथेही निघतात.

करुणेचे मोजमाप

करुणा चांगली, पण ती मोजता येत नाही, असे कोणी म्हणेल. तिच्याही मोजमापाचे प्रयत्न झाले आहेत. फिलाडेल्फियातल्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात २००२ आणि २००४ मध्ये दाखल झालेल्या ४५६ विद्यार्थ्यांची सहवेदना एका प्रश्नावलीने वर्षानुवर्षे मोजली गेली. पहिली दोन वर्षे ती बरीचशी टिकून राहिली. घसरली तिसऱ्या वर्षी, म्हणजे विद्यार्थी पुस्तकातून उठून वॉर्डात येतो, नेमक्या त्याच वर्षी. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, ते हेच शहर. आपल्या बायकांची दुखणी पाहून त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या. दुखणे जवळून पाहिल्यावर आटत जाणारी सहवेदना हा विद्यार्थ्याचा दोष मानण्यापेक्षा शिक्षणाचा आजार मानायला हवा.

त्याच जेफरसनमध्ये २९ फॅमिली फिजिशियन आणि त्यांच्या मधुमेहाच्या ८९१ रुग्णांचा अभ्यास झाला. सहवेदनेची पातळी उंच असलेल्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर चांगली आटोक्यात होती. ती कमी असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत हे प्रमाण ४० टक्के होते. शंभरामागे सोळा माणसांचा फरक. अशा अभ्यासातून कार्यकारण पक्के होत नाही, पण ज्याचे बोलणे ऐकून घेतले जाते तो रुग्ण पथ्य आणि गोळ्या सांभाळतो, हे कोणत्याही गावातला जुना डॉक्टर सांगेल.

महाराष्ट्रासह देशभरच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून दृष्टिकोन, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा वेगळा भाग आला आहे. तो वर्गातल्या तासापुरता राहू नये, असे वाटत असेल तर अमेरिकेतल्या या शाखांकडून घेण्यासारखे बरेच आहे. सन्मानाची यादी घेण्याची काही गरज नाही, गुणवत्ता याद्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. घ्यावा तो खाटेजवळचा कागद.

आता ब्रीदातल्या तीन शब्दांकडे पुन्हा एकदा पाहू. एका संस्थेत पात्रता मुख्यतः गुणांवरून आणि प्राध्यापकांच्या मतावरून ठरत आली, दुसरीत ती वर्गमित्रांच्या मतापासून सुरू होते. पीडिताला मत कुठेच नाही. त्याला मतपेटीपर्यंत आणणे कदाचित शक्यही नाही. पण शाखेच्या वार्षिक अहवालात 'यंदा २० सभासद निवडले' या ओळीच्या आधी आणखी काही ओळी येऊ शकतात. यंदा किती रुग्णांपाशी बसलो? त्यांतल्या किती जणांना मध्ये न तोडता बोलू दिले? मोफत दवाखान्यात आलेल्यांपैकी किती जण पुन्हा तपासणीला आले? मागे पडलेल्या किती वर्गमित्रांना हात दिला? यांतली प्रत्येक गोष्ट मोजता येते. आणि हे काम करायला त्या वर्गातल्या १२० पैकी एकालाही निवडून येण्याची वाट पाहावी लागत नाही.